परवाचं बुकिंग

नीट आखलेलं काम फसत नाही, असं माझं ठाम मत आहे. फसलंच, तर दोष आखणीचा नसतो, मधे आलेल्या माणसांचा असतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या सहलीची हकीकत सध्या इमारतीच्या जिन्याजिन्यात सांगितली जाते आणि तिच्यात माझी बाजू कोणी धड मांडत नाही. काही लोक तर ती सांगताना माझ्या आवाजाची नक्कलही करतात. ती नक्कल चांगली होत नाही.

झालं असं, की एकदा जेवताना बायकोने ताटावरची नजर न उचलता सांगितलं, "थंडी पडायच्या आत मला समुद्र बघायचाय. आपण दोघांनीच जायचं, आपली गाडी घेऊन. वाटेत वाइनवाल्यांचे द्राक्षमळे लागतात. या दिवसांत त्यांची पानं लाल होतात म्हणे. ती बघत बघत जाऊ."

माझी बायको सहसा काही मागत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसून दिवसभर लोकांच्या मागण्या ऐकल्यावर स्वतःच्या मागण्यांचा कंटाळा येत असावा. समुद्र तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता, लग्नाआधी, बसच्या खिडकीतून, आणि तेव्हाही मधे एक ट्रक उभा होता. आता तिचा दवाखाना नव्या इमारतीत जाणार होता. हलवाहलवीच्या आठवड्यात खिडकी बंद, म्हणून तिला सुट्टी. त्यानंतर नव्या जागेत दोन पाळ्या सुरू होणार आणि मग पुढे कितीतरी दिवस रजेचं नाव काढायचं नाही, असं त्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. हलवाहलवीची तारीख तेवढी ठरायची होती. म्हणजे समुद्र बघायचा तर त्याच आठवड्यात, नाहीतर राहिलाच.

"काळजी करू नकोस," मी म्हटलं. "मी आखतो."

तेव्हा तिने पहिल्यांदा वर बघितलं. "त्यात आखायचं काय? गाडीत बसायचं आणि जायचं."

मी नुसता हसलो. ज्याला आखणी कळत नाही त्याच्याशी वाद घालू नये.

मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. शाळेच्या पुस्तकांपासून लग्नपत्रिकांपर्यंत जे जे आमच्याकडे छापलं जातं ते आधी माझ्या टेबलावरून जातं. इमारतीत माझ्या मागे मला 'अनुस्वार' म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. अनुस्वार नसेल तर निम्म्या भाषेचा अर्थ लागणार नाही. आमच्या धंद्याची रीत अशी, की प्रत्येक मजकुराची तीन प्रुफं निघतात. पहिल्यात चुका सापडतात. दुसऱ्यात, पहिल्यातल्या चुका दुरुस्त करताना झालेल्या चुका सापडतात. तिसऱ्यावर माझी सही झाल्याशिवाय यंत्र हलत नाही. इतक्या वर्षांत या रीतीने मला दगा दिलेला नाही, मग सहलीला तीच का लावू नये?

त्या आठवड्यात सहलीचं पहिलं प्रूफ तयार झालं. एकच पान होतं, पण देखणं होतं. मार्ग, मुक्काम, विश्रांती, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत 'चालक : मी'. बायकोने ते वाचलं, चांगलं आहे म्हणाली, आणि मग निघू या का, असं विचारलं. मी तिला समजावलं की पहिलं प्रूफ नेहमी परक्या माणसाला वाचायला द्यायचं असतं, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. ती म्हणाली, ते मात्र खरं.

म्हणून मी ते पान घेऊन खालच्या मजल्यावर कर्नलकडे गेलो. कर्नल लष्करात कधीच नव्हते. ते ब्लँकेटच्या कारखान्यात भांडार सांभाळायचे. पण मिशा आणि आवाज बघून कोणीतरी त्यांना कर्नल म्हटलं आणि तेव्हापासून त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. त्यांनी माझं पान टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार औषधाच्या बाटल्या ठेवल्या आणि बराच वेळ त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले. मग म्हणाले, की यात माघारीचा रस्ता कुठे आहे?

मी म्हटलं, सहलीला जातोय, माघार कशाला घ्यायची? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्यासारख्यांमुळेच आजवर सगळ्या लढाया हरल्या गेल्या. त्यांच्या मते हमरस्ता हा मूर्खांसाठी असतो. शहाणा माणूस डोंगरातून जातो. डोंगरातून जायचं तर दोर हवा, दोन जादा चाकं हवीत, आणि रस्ता माहीत असलेला एक माणूस पुढच्या सीटवर हवा. असा माणूस कुठे मिळणार, असं मी विचारायला नको होतं. त्यांनी मिशांवरून हात फिरवला आणि माझ्यासाठी वेळ काढायचं कबूल केलं.

दुसरा परका माणूस म्हणजे माझा साडू. साडू हे नातं माणूस स्वतः निवडत नाही. बायको निवडावी आणि तिच्या बहिणीने ज्याला निवडलं तो आपल्या गळ्यात पडावा, असा तो प्रकार असतो. आमचा साडू फरशा विकतो. दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्याला बक्षीस म्हणून वाइनची चव घेण्याच्या वर्गाला पाठवलं, आणि माणूस कामातून गेला. तेव्हापासून तो पाण्याचा पेलासुद्धा गोल फिरवून पितो. आमच्याकडे चहा दिला तरी कपात नाक खुपसतो आणि डोळे मिटून म्हणतो, ओल्या मातीचा गंध आहे. माझी मेहुणी म्हणते, बहिणीकडे कप नीट विसळत नाहीत. या एका वाक्यावरून दोघी बहिणी महिनाभर बोलत नव्हत्या.

साडूला मी पान दाखवलं नव्हतं. कर्नलने जिन्यात त्याला सांगितलं. तो त्याच संध्याकाळी आला आणि खुर्चीवर बसायच्या आत म्हणाला, "अहो भाऊ, द्राक्षमळे बघायचे नसतात. समजून घ्यायचे असतात."

मग त्याने समजवायला सुरुवात केली. उताराची माती वेगळी, माथ्यावरची वेगळी. सकाळी घेतलेली चव वेगळी, दुपारची वेगळी. माझ्या पानावर मळ्यांसाठी एक ओळ होती. त्याने ती खोडून समासात इतके मळे आणि तळघरं लिहिली की शेवटची दोन पानाच्या मागे गेली. समुद्र त्यामुळे थोडा खाली सरकला. शेवटी तो कळकळीने म्हणाला, की मी बरोबर नसलो तर तुम्ही नुसती लाल पानं बघून परत याल. बायको तेव्हा तिथेच कपडे घड्या करत होती. तिने घडी करायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. मी समासातली अक्षरं वाचण्यात गुंतलो होतो.

अशा रीतीने दुसरं प्रूफ तयार झालं तेव्हा ते नऊ पानांचं होतं, आणि सांगायला आनंद वाटतो की त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. प्रवासी पाच. गाडी अर्थातच आमची पुरणार नाही, साडूच्या कंपनीची मोठी घ्यायची, चालक मात्र मीच. पुढे कर्नल. मधल्या रांगेत साडू, मेहुणी आणि साडूची पेल्यांची पेटी. बायकोने बैठकीचं पान पुन्हा पुन्हा बघितलं.

"मी कुठे आहे यात?" तिने विचारलं.

मी मागच्या फळीवर बोट ठेवलं.

"बिछान्यांबरोबर?"

"बिछान्यांच्या अलीकडे."

"तिथे खिडकी आहे का?"

मी म्हटलं, खिडकी मधल्या रांगेला आहे, पण मान थोडी पुढे काढली तर दिसेल. ती काही बोलली नाही. पानं नीट जुळवून तिने टेबलावर ठेवली आणि आत गेली. तिला पटलं असं मी धरून चाललो. माणूस गप्प झाला की त्याला पटलंय, असं समजण्याची मला तेव्हा सवय होती.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माझ्या वाहन परवान्याची मुदत संपली आहे. असल्या बारीकसारीक गोष्टींनी मी डगमगत नाही. दुसऱ्याच दिवशी परवाना कार्यालयात गेलो. तिथे प्रत्येक खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी होती आणि प्रत्येक पाटीमागे एक माणूस बसून काम करत होता. पाट्या काढायला कोणाला वेळ नव्हता. एका खिडकीने मला दुसरीकडे, दुसरीने तिसरीकडे पाठवलं, आणि तिसरीवरून मी डोळे तपासणीच्या खोलीत पोचलो.

डोळ्यांबद्दल मला चिंता नव्हती. माझं पोट डोळ्यांवर चालतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, तो मी वरून खाली भराभर वाचत गेलो. शेवटच्या ओळीत सगळ्यात बारीक अक्षरं होती. त्यातलं शेवटचं मी वाचलं, "ध."

तपासनीस म्हणाला, "परत बघा."

मी परत बघितलं. "ध. धरणातला."

"घ आहे ते. घरातला." त्याने हातातला कागद बघून सांगितलं.

आता इथे मला थोडं खोलात जावं लागेल. 'घ'ला डोक्यावर पूर्ण रेघ असते. 'ध'ची रेघ डाव्या बाजूला तुटलेली असते. तक्त्यावरच्या त्या अक्षराची रेघ डावीकडे स्वच्छ तुटलेली होती. कदाचित तिथे कधीकाळी 'घ' असेल, छापताना शाई उडाली असेल, ते मला माहीत नाही. पण माझ्यापुढे जे होतं तो ध होता. मी तपासनिसाला हे सगळं समजावलं. जवळ जाऊन बोटानेही दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की आजवर सगळे 'घ' वाचून पास झाले, माझ्या मागे रांग आहे, आणि मीही 'घ' म्हणालो तर सगळ्यांचीच सोय होईल.

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर म्हणाला असता. माझ्याच्याने होईना. मी ज्या अक्षरांची भाकरी खातो त्यांच्याबद्दल खिडकीपाशी उभं राहून खोटं बोलायचं म्हणजे काय? मी पुन्हा एकदा, स्पष्ट आवाजात म्हणालो, ध. त्याने माझ्या कागदावर लिहिलं, 'दृष्टी अंधूक. पुन्हा तपासणी.'

दृष्टी अंधूक! ज्या माणसाने हजारो पानांतून ऱ्हस्व-दीर्घ वेचून काढले, त्याची. घरी येऊन मी त्या कार्यालयाला शिरोरेषेबाबत एक सविस्तर हरकत लिहिली, आकृत्यांसह. बायको म्हणाली, "अहो, जा आणि घ म्हणा ना." मी तिला सांगितलं की प्रश्न तत्त्वाचा आहे आणि उत्तर येईपर्यंत मी त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही. तिने विचारलं, उत्तर कधी येईल? मी म्हटलं, एवढी मुद्देसूद हरकत आहे, लगेच येईल. ते अजून आलेलं नाही.

यानंतरचा प्रसंग मी जसा घडला तसा देतो, कारण सगळ्या हकिकतीचा कणा तोच आहे आणि जिन्यातले लोक नेमका तोच चुकीचा सांगतात.

संध्याकाळची वेळ होती. टेबलावर दुसऱ्या प्रुफाची पानं पसरली होती आणि मी कर्नलच्या दोराची लांबी साडूच्या पेटीच्या लांबीशी जुळवत होतो. बायको कामावरून आली, चपला काढल्या, आणि दारातूनच म्हणाली, "ऐकलंत का? समुद्राजवळच्या खोलीचं परवाचं बुकिंग आहे आपलं. माझी सुट्टीही पक्की झाली."

"परवाचं?" मी विचारलं.

"हो, परवाचं."

"छान झालं."

"तयारी कराल ना मग?"

"तयारी चालूच आहे," मी म्हटलं, आणि 'मुक्काम' या शब्दासमोर बरोबरची खूण केली.

माझी काय समजूत झाली, तर हिने दोन दिवसांपूर्वी, म्हणजे परवा, खोलीचं बुकिंग करून टाकलं. खोली आता आपली, तारीख यथावकाश ठरेल. तिला सांगायचं होतं, खोली दोन दिवसांनी मिळणार आहे, म्हणजे परवा. तोच शब्द, त्याच घरात, एकाच वेळी दोन दिशांना गेला. दुसऱ्या कोणाच्या मजकुरात हे वाक्य आलं असतं तर मी त्याच्याखाली लाल रेघ ओढून समासात लिहिलं असतं, 'गेलेला की येणारा?' आणि लेखकाला बोलावून चार शब्द सुनावले असते. बरं, मी उलट विचारलं नाही असंही नाही. विचारलं होतं. पण ज्या शब्दाबद्दल विचारलं तोच शब्द उत्तरात परत आला आणि आम्हा दोघांचंही समाधान झालं.

तर येणाऱ्या परवाच्या सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तेव्हा बायको दारात उभी होती. अंगावर ठेवणीतला कुडता, पायांत चालायचे सँडल, शेजारी एक बॅग.

"निघायचं ना?" ती म्हणाली.

मी विचारलं, कुठे?

मग जे बोलणं झालं ते सगळं देण्यात अर्थ नाही. दवाखान्याचं सामान त्याच दिवशी हलत होतं. तारीख अचानक ठरली होती. समुद्रकाठी खोल्या भाड्याने देणाऱ्या एका बाईंकडे एकच खोली मोकळी होती, ती हिने धरली आणि मला त्याच संध्याकाळी सांगितलं. मी म्हटलं, पण तू 'परवाचं' म्हणालीस. ती म्हणाली, मग आज परवाच आहे. मी म्हटलं, त्याचा दुसराही अर्थ होतो. आणि मी तो अर्थ तिला उदाहरणं देऊन समजावू लागलो. मधेच कर्नल वर आले, कारण आमचे आवाज खाली गेले होते. त्यांनी सांगितलं की अशा अवस्थेत कूच करणं म्हणजे आत्मघात आहे, दोर अजून आणलेला नाही. साडूला फोन लावला तर तो म्हणाला की कंपनीची गाडी पुढच्या आठवड्यापर्यंत मिळणार नाही, आणि शिवाय सर्दी झाल्यामुळे त्याला सध्या कसलाच गंध येत नाही. मी दोघांना धीर दिला. म्हटलं, घाबरायचं कारण नाही, आज तिसरं प्रूफ काढतो, सगळं नीट बसवू, आणि—

"अहो," बायको म्हणाली. ती बॅगेवर बसली होती. "मला दुसरा अर्थ कळतो. मला समुद्र बघायचाय."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला चढलेल्या आवाजाशी बोलता येतं. ती ठेवणीतला कुडता घालून स्वतःच्याच घराच्या दारात एखाद्या स्टेशनावर बसल्यासारखी बसली होती, आणि मी टॉवेल खांद्यावर टाकून तिला व्याकरण शिकवत होतो. मला लाज वाटली. ती लपवायला मी लगेच म्हणालो, "चल. निघालोच."

"परवाना?" कर्नलने विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. छापखान्याच्या मालकांना फोन करून रजा मागितली. मला वाटलं होतं, माझ्याशिवाय पाठ्यपुस्तकं कशी निघणार म्हणून ते हळहळतील. ते म्हणाले, जा की, चुका तशाही राहतातच. हा घाव मी तिथेच गिळला आणि बायकोला घेऊन थेट परवाना कार्यालयात गेलो.

तीच खोली, तोच तपासनीस, तोच तक्ता. शिरोरेषा जशी तुटली होती तशीच. बायको मागच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसली. मी वरून वाचत आलो. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या अक्षरापाशी थांबलो. माझ्या मागे उभे असलेल्यांपैकी कोणालाच कल्पना नव्हती की त्यांच्यासमोर काय घडतंय.

"घ," मी म्हणालो.

तपासनिसाने वर बघितलं. "नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. "घरातला."

माझं नाव पुकारलं गेलं, शिक्का बसला, मी छाती काढून पुढच्या खिडकीशी गेलो. तिथल्या बाईंनी माझा कागद घेतला आणि म्हणाल्या, "परवाना परवा."

मी एकदा पोळलो होतो. पुन्हा फसणाऱ्यांतला मी नव्हे. मी खिडकीत वाकून ठामपणे विचारलं, "येणाऱ्या परवा?"

"गेलेल्या परवा कसा देऊ?" त्या म्हणाल्या.

रांग हसली. बाकावरची माणसं हसली. पाटीमागची माणसंही हसली. मी मागे वळलो तेव्हा मला वाटलं, आता बायकोच्या डोळ्यांत पाणी असेल. तीसुद्धा हसत होती. बॅग खांद्याला लावत ती उठली आणि म्हणाली, "चला. माझा परवाना आहे."

तिला गाडी चालवता येते हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपल्या इमारतीला गच्ची आहे हे जसं माहीत असतं, तसं माहीत होतं. दवाखान्याची शिबिरं खेड्यांत भरतात तेव्हा चालक आला नाही की व्हॅन हीच घेऊन जाते, हेही मी ऐकलं होतं. फक्त सहलीच्या संदर्भात ते कधी डोक्यात आलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, मग आधी का बोलली नाहीस? ती म्हणाली, "पहिल्या ओळीत छापलं होतं ना, 'चालक : मी'. मला वाटलं, फार आवडीने लिहिलंय."

आम्ही आमच्याच छोट्या गाडीतून निघालो. ती चालवत होती, मी शेजारी नकाशा घेऊन बसलो होतो. ती गाडी उत्तम चालवते, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. मी नकाशाही उत्तम वाचतो. एकदा डावीकडच्या ऐवजी उजवीकडे सांगितलं, पण तो नकाशा आमच्या छापखान्यातला नव्हता.

शहर सुटल्यावर बऱ्याच वेळाने मी म्हणालो, "ते अक्षर ध होतं, बरं का."

"माहितीय," ती म्हणाली. "आमच्या दवाखान्यातही तोच तक्ता आहे. ध आहे हे सगळ्यांना दिसतं."

"मग सगळे घ का म्हणतात?"

"पुढे कुठेतरी जायचं असतं त्यांना."

मी नकाशाची घडी उलगडली आणि पुढचं वळण शोधू लागलो.

दुपारी द्राक्षमळे सुरू झाले. टेकडीच्या टेकडी लाल झाली होती, मधे मधे पिवळी. बायकोने गाडी कडेला घेतली आणि आम्ही वेलींच्या रांगांतून चालत गेलो. द्राक्ष एकही नव्हतं. तिथे काम करणाऱ्या एका बाईने सांगितलं की तोडणी केव्हाच उरकली, आता बघायला पानंच. तळघरंही आठवडाभर धुण्यासाठी बंद होती. म्हणजे साडूने समासात लिहिलेल्यातलं काहीही झालं नसतं, आणि बायकोने जे मागितलं होतं ते सगळं तिथे होतं. हे मी मुद्दाम साडूला फोन करून कळवलं. तो शिंकला. त्या बाईने आम्हाला घरची थोडी वाइन दिली. बायको चालवणारी, म्हणून तिचाही पेला माझ्याकडे आला. मी साडूसारखा तो रुबाबात गोल फिरवला आणि शर्टावर घेतला. मग ओल्या शर्टाने त्या बाईला सांगितलं की मातीचा गंध छान आहे. बायको रांगेच्या टोकाला जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

समुद्राशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खोलीत सामान टाकायलाही ती थांबली नाही. गाडी लावली आणि वाळूतून सरळ चालत सुटली, मी मागून. पाण्याच्या थोडं अलीकडे एक उंच पाटी होती, तिच्या खांबापाशी ती थांबली. मीही शेजारी जाऊन खांबाला टेकलो. भरती-ओहोटीबद्दल मी रस्त्यात थोडी माहिती जमवून ठेवली होती, ती सांगायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघितलं.

ती काहीच करत नव्हती. नुसती बघत होती. इतकी वर्षं मी तिला भाजी निवडताना, हिशेबाच्या पावत्या लावताना, माझ्या बोलण्याला हो म्हणताना बघत आलो, पण नुसतं बघताना मी तिला कधी बघितलंच नव्हतं. तिच्या आणि समुद्राच्या मधे आता काही नव्हतं आणि शेजारी फक्त मी होतो. बिछान्यांच्या अलीकडे मी हिला बसवणार होतो, हे आठवून मला फार वाईट वाटलं, आणि ती इथे आहे म्हणून त्याहून जास्त बरं वाटलं. माहिती मी सांगितली नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

"अहो," ती म्हणाली, "ही पाटी वाचलीत का?"

मी मान वर केली. आमच्या डोक्यावर हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं, 'पाण्यात उतरण्यास सक्त मलाई आहे.'

त्या पाटीच्या खांबाला मी एवढा वेळ टेकून उभा होतो आणि मला ती दिसली नव्हती. उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं.

"वाचली की," मी म्हणालो. "तुला दिसते का, ते बघत होतो."

"खोटं," ती म्हणाली. मग सँडल काढून तिने माझ्या हातात दिले आणि, मनाई काही नाही म्हणजे, असं म्हणत घोट्याएवढ्या पाण्यात उतरली.